करणीच्या बाहुलीला ‘वूडू’ म्हणू नका : मराठी संपादकांना आणि मालिका-लेखकांना खुले पत्र

मराठी वृत्तपत्रांचे संपादक, वृत्तवाहिन्यांवर मथळे लिहिणारी मंडळी आणि मालिकांचे लेखक यांस,

सप्रेम नमस्कार.

गावाबाहेरच्या झाडाला खिळ्याने ठोकलेली काळी बाहुली सापडली, तिला टाचण्या टोचलेल्या असल्या, शेजारी लिंबू आणि कोणाचा तरी फोटो असला, की हल्ली बातमीत ‘वूडू’ हा शब्द येतो. मालिकेतली जाऊ कपाटातून चिंध्यांची बाहुली काढते, तिच्या पोटात सुई खुपसते आणि पलीकडच्या खोलीत दुसरी जाऊ कळवळते, तेव्हाही कोणीतरी घाबऱ्या आवाजात ‘हे तर वूडू’ म्हणतंच. मोबाईलवर खरेदी करायला गेलं तर दोऱ्याने गुंडाळलेली चिमुकली कीचेन याच नावाने विकायला ठेवलेली असते. ज्या धर्माचं हे नाव आहे तो हैतीतल्या लाखो माणसांचा धर्म आहे. त्याचे अनुयायी त्याला वोडू म्हणतात. टाचण्या टोचलेली बाहुली त्या धर्माची नाही, आणि ती त्याच्या माथी मारल्याची किंमत तिथली माणसं आजही मोजत आहेत. म्हणून हे पत्र.

मी कापडी बाहुल्या शिवते. जुन्या नऊवारीचे काठ, मांजरपाट, कापूस आणि केसांसाठी काळी लोकर, एवढ्यावर माझं काम चालतं. अलीकडे ‘वूडू डॉल करून द्याल का’ अशी विचारणा वरचेवर होते. विचारणारे बहुधा विशी-पंचविशीतले असतात. कोणाला ऑफिसातल्या साहेबाची हवी असते, कोणाला सोडून गेलेल्या मैत्रिणीची. त्यांच्या मनात फार काळंबेरं नसतं; त्यांनी ही बाहुली तुमच्याकडेच पाहिलेली असते. नाही म्हणताना नीट कारण सांगता यावं म्हणून मी या विषयाचा पिच्छा पुरवला. जे हाती लागलं ते तुमच्यापर्यंत पोचलं पाहिजे, कारण मी चार जणांना सांगू शकते आणि तुम्ही लाखोंना.

आधी त्या टाचण्या कुठून आल्या ते पाहू. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मातीची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. रोमन अमदानीतल्या इजिप्तमध्ये घडवलेली. हात पाठीमागे बांधलेले आणि अंगभर रुतवलेल्या तेरा सुया. मातीच्या मडक्यात ती शिशाच्या पत्र्यासोबत सापडली आणि त्या पत्र्यावर ग्रीक भाषेत मंत्र कोरलेला आहे : अमुक बाईने माझ्यावाचून दुसऱ्या कोणाकडे पाहू नये, तिला अन्नपाणी गोड लागू नये. एका पुरुषाने करवून घेतलेला हा वशीकरणाचा प्रयोग. हैती हे राष्ट्र जन्माला यायला तेव्हा अजून दीड हजार वर्षं होती.

पुढे युरोपात ही विद्या चांगलीच रुजली. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याने १५९७ मध्ये चेटकिणींवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. मेणाच्या किंवा मातीच्या प्रतिमा करून त्या विस्तवावर धरल्या की ज्याची प्रतिमा तो माणूस झिजत जातो, ही विद्या सैतान चेटकिणींना शिकवतो, असं त्याने त्यात छातीठोकपणे सांगितलं आहे. मग अमेरिकेतल्या सेलमचा खटला. १६९२ मध्ये ब्रिजेट बिशप नावाच्या बाईवर चेटूक केल्याचा आरोप आला, तेव्हा दोन मजुरांनी साक्ष दिली की तिच्या जुन्या घराच्या तळघराची भिंत पाडताना भोकांमध्ये बाहुल्या सापडल्या. चिंध्यांच्या, डुकराच्या राठ केसांच्या, आणि त्यांत डोकी नसलेल्या टाचण्या, टोकं बाहेर आलेल्या. १० जून १६९२ रोजी बिशपबाईंना फाशी दिलं. या साक्षीतलं साहित्य वाचताना माझ्यासारख्या बाहुल्या शिवणाऱ्या बाईला तर ती बाहुली डोळ्यांसमोर उभीच राहते. तुमच्या मालिकेतली बाहुली हुबेहूब हीच आहे. इंग्लंडहून आलेल्या ख्रिस्ती वसाहतकऱ्यांच्या गावातली.

आता हैतीकडे. कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाच्या पश्चिम भागात, म्हणजे आजच्या हैतीत, फ्रेंचांची साँ-दोमिंग नावाची वसाहत होती. उसाच्या मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून माणसं धरून आणली जात. दाहोमे राज्यातले, म्हणजे आजच्या बेनिनमधले फोन लोक, योरुबा लोक, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तर फार मोठ्या संख्येने कोंगो प्रदेशातले लोक. १६८५ च्या फ्रेंच गुलाम-कायद्याने प्रत्येक गुलामाला कॅथलिक बाप्तिस्मा सक्तीचा केला आणि दुसऱ्या कुठल्याही धर्माचं जाहीर आचरण बंद केलं. या लोकांनी आपले देव संतांच्या तसबिरींमागे जपले. सापांसोबत चितारलेल्या संत पॅट्रिकमध्ये त्यांनी आपला नागदेव दांबाला पाहिला. स्वर्गाच्या किल्ल्या हाती असलेल्या संत पीटरमध्ये वाटा उघडणारा लेग्बा पाहिला. बाळाला कडेवर घेतलेल्या, गालावर वार असलेल्या पोलंडच्या काळ्या मेरीमध्ये त्यांना एझिली दांतो दिसली, जी लेकरांसाठी कोणाशीही भांडायला उभी राहते.

सर्वांच्या वर एक परमेश्वर, बोंद्ये. तो फार दूरचा. रोजच्या सुखदुःखात धावून येतात ते ल्वा, म्हणजे दांबाला, लेग्बा, एझिली यांसारखी दैवतं. पूजा सांगणारा पुरुष असेल तर ऊंगान, बाई असेल तर मांबो. बायकांना इथे पूर्ण अधिकार आहे. विधीच्या आधी मक्याच्या पिठाने जमिनीवर त्या त्या ल्वाची खूण काढतात, आपल्याकडे चिमटीने रांगोळी सोडतात तशी. ढोल वाजतात, गाणी होतात, ल्वा भक्ताच्या अंगात येतो, बोलतो, कधी रागावतो, कधी औषध सांगतो. ऑगस्ट १७९१ मध्ये ब्वा काइमान इथे रात्री अशीच एक पूजा झाली. बुकमन नावाचा पुढारी आणि सेसिल फातिमां ही मांबो यांनी ती चालवली अशी तिथली परंपरा सांगते. त्यानंतर थोड्याच दिवसांत मळे पेटले. १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झालं. गुलामांनी बंड करून स्वतःचं राष्ट्र उभारलं, असं जगाच्या इतिहासात हे एकच उदाहरण आहे. ज्या धर्माने त्यांना एकत्र आणलं त्याच्याविषयी गोऱ्या मळेवाल्यांच्या जगात काय काय पसरवलं गेलं असेल, याची कल्पना तुम्हाला करता येईल.

मग वोडूत बाहुल्या नाहीतच का? आहेत. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

देवघरात, तसबिरी, मेणबत्त्या, अत्तराच्या बाटल्या आणि फुलं यांच्यामध्ये कधी कधी बाजारातली साधी बाहुली बसवलेली असते. तिला ल्वाच्या रंगाचे कपडे शिवलेले असतात : एझिली फ्रेदासाठी गुलाबी आणि पांढरे, एझिली दांतोसाठी निळे आणि लाल. ती दैवताचं रूप म्हणून किंवा दैवताला दिलेली भेट म्हणून तिथे असते. तिला कोणी टोचत नाही, तिला नटवतात. स्मशानाजवळच्या झाडांवरही बाहुल्या लावलेल्या आढळतात, कधी उलट्या, कधी जुन्या चपलेसोबत. परक्या माणसाने ते पाहिलं तर तो दचकणार आणि कोणावर तरी करणी केली म्हणणार. ती बाहुली पलीकडच्या जगात निरोप घेऊन जाणारी असते. गेलेल्या आईला, आजोबांना काही सांगायचं असतं, ते ती पोचवते.

याखेरीज पाकेत कोंगो नावाची एक वस्तू असते. जडीबुटी आणि इतर पवित्र द्रव्यं कापडात बांधून गोलसर गाठोडं करतात, वर निमुळती मान काढतात, सगळ्यावर साटीनच्या फिती घट्ट गुंडाळतात, टिकल्या लावतात, माथ्यावर पिसं खोवतात. काहींना कमरेवर हात ठेवावेत तसे दोन कान असतात, त्यामुळे ते लांबून बाहुलीसारखं दिसतं. काहींवर फिती आणि टिकल्या टाचण्यांनीच पक्क्या केलेल्या असतात. टाचणी दिसली म्हणून कोणी काही ठरवू नये. ती तिथे शोभेच्या कामाला आहे आणि ते गाठोडं आजार बरा करायला, घर राखायला आहे.

सुईचं खरं वैभव पाहायचं तर वोडूचे ध्वज पाहा. त्यांना द्रापो म्हणतात. साटीनवर हजारो टिकल्या आणि मणी एकेक करून शिवलेले. विधीच्या सुरुवातीला ते मिरवत आणतात. मिरलांद कोंस्तां या पोर्ट-ओ-प्रिन्सच्या, म्हणजे हैतीच्या राजधानीतल्या कारागीर. आधी लग्नाचे पोशाख शिवणाऱ्या कारखान्यात आईसोबत काम करत. तिथे शिकलेलं मणीकाम त्यांनी ध्वजांवर आणलं, आणि २०२२ मध्ये त्यांचं काम व्हेनिसच्या बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात लागलं. त्यांच्या ध्वजांची छायाचित्रं मी पुन्हा पुन्हा पाहते. एका कापडावर अख्खं गाव जेवायला बसलेलं, त्यांच्यामध्ये ल्वा, पितर, फळांचे ढीग, आणि मोकळी जागा बोटभरसुद्धा नाही. वोडूतली सुई म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आता या बाईंचे हात येतात. तुमच्या वाचकांसमोरही ते यावेत असं मला मनापासून वाटतं.

आफ्रिकेत मागे गेलं तरी हेच दिसतं. कोंगो प्रदेशातल्या लाकडी मूर्ती, अंगभर खिळे आणि लोखंडी पाती ठोकलेल्या, युरोपच्या संग्रहालयांत मोठ्या संख्येने आहेत. त्यांना नकिसी नकोंडी म्हणतात. पाहताक्षणी वाटतं की कोणाला तरी छळण्यासाठी हे खिळे मारले असावेत. खरं काम वेगळंच होतं. दोन माणसांत करार झाला, भांडण मिटलं, शपथ घेतली, की खिळा ठोकायचा. ठोकण्याआधी दोघांनी तो जिभेला लावायचा, म्हणजे वचन कोणाचं ते मूर्तीला कळतं. वचन मोडणाऱ्याला ती शोधून काढते. एकेक खिळा म्हणजे एकेक तडजोड, एकेक साक्ष. वसाहतवाल्यांनी या मूर्ती उचलून नेल्या आणि गावांचे करारच बोटीत चढवले गेले.

आणि बेनिन. जुळ्यांच्या जन्माचं प्रमाण जिथे जगात सर्वाधिक आहे, त्या देशांपैकी हा एक. जुळ्यांतलं एक मूल दगावलं तर तिथली आई त्याच्या नावाने लाकडाची वीतभर मूर्ती करून घेते. तिला अंघोळ घालते, कपडे शिवते, जिवंत भावंडाच्या आधी तिच्या तोंडाला घास लावते, कामाला जाताना ओच्यात खोचून नेते. मूर्तीचे नाकडोळे हाताळून हाताळून गुळगुळीत होतात. वोडूच्या मूळ भूमीतली बाहुली ही अशी आहे.

मग युरोपची टाचणीची बाहुली आणि हैतीचा वोडू हे दोन धागे एकत्र बांधले कोणी? १८८४ मध्ये एका ब्रिटिश राजनैतिक अधिकाऱ्याने हैतीवर पुस्तक लिहून तिथे नरमांसभक्षण सर्रास चालतं असं युरोपभर पसरवलं. १९१५ ते १९३४ अमेरिकी फौजेने हैती ताब्यात ठेवलं. हा देश स्वतःचं राज्य चालवायला लायक नाही, हे मायदेशी पटवायला भुताखेतांच्या गोष्टी सोयीच्या होत्या. १९२९ मध्ये एक सनसनाटी प्रवासवर्णन तुफान खपलं, १९३२ मध्ये हॉलिवूडने पडद्यावर झोंबी आणला, आणि मग जे जे काळोखं, भयंकर ते ते हैतीचं अशी वहिवाटच पडली. युरोपची जुनी टाचणीची बाहुली आयतीच हाताशी होती. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातल्या दुकानांनी ती पर्यटकांना विकली. २००८ मध्ये फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांच्या चेहऱ्याची बाहुली बारा सुयांसकट बाजारात आली, तेव्हा ते कोर्टात गेले. कोर्टाने विक्री बंद केली नाही, पण टोचण्याने या व्यक्तीच्या प्रतिष्ठेला बाधा येते अशी सूचना प्रत्येक खोक्यावर लावायला लावली. राष्ट्राध्यक्षांच्या प्रतिष्ठेचा विचार झाला. ज्यांच्या धर्माचं नाव त्या खोक्यावर होतं त्यांच्या प्रतिष्ठेचा विचार कोणाच्या मनातही आला नाही.

हैतीत करणी करणारे नाहीत असं मी म्हणत नाही. पैसे घेऊन वाईट कामं करणारे बोको तिथे आहेत, आणि खुद्द ऊंगान-मांबो त्यांच्यापासून स्वतःला वेगळे मानतात. आपल्याकडच्या मांत्रिकांवरून कोणी साऱ्या वारकऱ्यांना जोखलं तर आपल्याला चालेल का?

आता किंमत. १९४१-४२ मध्ये कॅथलिक चर्चने सरकारच्या पाठिंब्याने ‘अंधश्रद्धाविरोधी मोहीम’ चालवली. मंदिरं पाडली, ढोल जाळले, पवित्र मानलेले मापू वृक्ष तोडले, लोकांना आपला धर्म टाकल्याची शपथ घ्यायला लावली. वोडूविरोधी कायदा रद्द व्हायला १९८७ ची राज्यघटना यावी लागली. ऊंगान आणि मांबोंनी लावलेलं लग्न कायदेशीर ठरायला ४ एप्रिल २००३ चा अध्यादेश. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपात लाखांवर माणसं गाडली गेली आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या एका नामवंत धर्मोपदेशकाने दूरचित्रवाणीवर सांगितलं की या लोकांनी स्वातंत्र्यासाठी सैतानाशी करार केला होता, त्याचं हे फळ. त्याच वर्षी कॉलरा आला. तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तळावरून नदीत उतरला होता. त्याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी २०१६ मध्ये हैतीची माफी मागितली. पण २०१० च्या अखेरीस जमावांनी जबाबदार धरलं ते वोडूच्या पुजाऱ्यांना. जादूची पूड टाकून रोग पसरवला म्हणत चाळीसहून अधिक माणसांना दगडांनी, कोयत्यांनी मारलं, काहींना जाळलं.

आणि डिसेंबर २०२४. पोर्ट-ओ-प्रिन्सच्या सिते सोले भागातली वार्फ जेरेमी वस्ती. तिथल्या टोळीच्या म्होरक्याचा मुलगा आजारी पडला. म्हाताऱ्यांनी चेटूक केलं असा त्याला संशय आला. त्याच्या माणसांनी घराघरांतून आणि वोडूच्या पूजास्थानातून माणसं ओढून नेली. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत किमान २०७ जणांची हत्या नोंदली गेली. त्यांतले बहुतेक वृद्ध होते, वोडू पाळणारे होते.

हे वाचून मला आपल्या नंदुरबारच्या डाकीण ठरवलेल्या बायका आठवल्या. गावात मूल दगावलं की एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे बोट जातं, तिला मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं. त्या बाईची बातमी देताना तुमच्यापैकी जबाबदार वर्तमानपत्रं तिच्या बाजूने उभी राहतात, आरोप करणाऱ्यांना जाब विचारतात. हैतीची म्हातारी माणसं त्याच आरोपाखाली मारली जातात. तिथे मात्र आपण ‘वूडू’ हा शब्द चेटकाच्या अर्थाने छापून नकळत आरोप करणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहतो.

आपल्याकडच्या बाहुलीचं काय? ती आपली आहे. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीवर, ट्रकच्या मागे, नव्या घराच्या दारावर टांगलेली काळी बाहुली नजर लागू नये म्हणून असते. झाडाला ठोकलेली करणीची. तिला मराठीत करणी, भानामती, मूठ अशी नावं पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि तिच्यामागे इथलेच मांत्रिक, इथलेच भावकीचे वाद, इथलाच पैसा आहे. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्यानंतर ज्या जादूटोणाविरोधी कायद्याला मार्ग मिळाला तो याच गोष्टींसाठी आहे. मथळ्यात ‘वूडू’ लिहिलं की वाचकाला वाटतं हे काहीतरी परदेशी, सिनेमातलं आलंय. शेजारच्या आळीतला मांत्रिक त्यात सुटतो. मी त्या कायद्याच्या बाजूची आहे, करणीच्या नावाने लुबाडणाऱ्यांवर गुन्हे दाखल व्हावेत असंच मला वाटतं, आणि म्हणूनच गुन्हा इथला असेल तर नाव इथलं लिहा असं सांगते आहे.

तेव्हा संपादकहो, वार्ताहराकडून बातमी आली की पंचनाम्यात काय लिहिलंय ते विचारा आणि तेच छापा : काळी बाहुली, लिंबू, टाचण्या, कोणाचा फोटो, कोणावर संशय. मालिका लिहिणाऱ्यांना विनंती की खलनायिकेला करणी करायला लावायचीच असेल तर ती इथली दाखवा, आणि तिच्या मागच्या भिंतीवर आफ्रिकेचे मुखवटे टांगू नका. परदेशी कार्यक्रमांचं मराठी डबिंग करणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. मूळ संवादात तो शब्द असला तरी तिथे ‘करणीची बाहुली’ सहज बसतं. मुलांच्या पुरवण्यांत ‘घरच्या घरी वूडू डॉल’ अशी हस्तकला कधी आली, तर तेवढ्या जागेत पाकेत कोंगोचं चित्र द्या. फिती, टिकल्या, पिसं. मुलांना ते करायला खूप आवडेल, आणि नमुना लागला तर मी काढून पाठवीन.

१ आणि २ नोव्हेंबरला हैतीत गेदेंचा, म्हणजे पितरांचा सण असतो. काळे-जांभळे कपडे घालून लोक पोर्ट-ओ-प्रिन्सच्या मोठ्या स्मशानभूमीत जातात, थडग्यांवर कॉफी आणि मिरच्या घातलेली दारू ओततात, नाचतात, गेलेल्यांशी बोलतात. वृत्तसंस्थांकडून त्याची छायाचित्रं तुमच्याकडे येतात. यंदा ती छापाल तेव्हा खालच्या ओळीत ‘अघोरी’ हा शब्द नको. ‘हैतीत पितरांचा सण’ एवढं पुरे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
कापडी बाहुल्या शिवणारी एक बाई